ओ

नारुतोच्या खाडीकाठी मार्चमध्ये दोऱ्यांवर
वाकामे वाळत घालतात, न्हालेल्या केसांसारखं
लांब, काळपट शेवाळ.
आयोडीनला इथे तोटा नाही.
म्हणून शेजारच्या चिगुसाच्या गळ्याकडे
कुणी बघितलं नाही.

तिच्या टाचेच्या रक्ताचा ठिपका मीच तपासला होता.
आमचं यंत्र एकच गोष्ट ऐकतं :
पियूषिका ओरडते आहे का?
थायरॉइड उठेना झाली, की वरून हाकांवर हाका,
आकडा चढत जातो.
हिचा आकडा शून्याला टेकलेला.
मी शिक्का मारला : ठीक.

गुणी पोर, आई सांगायची, रडत म्हणून नाही.
तिसऱ्या महिन्यात जीभ ओठांबाहेर,
पावलं गार,
आवाज न वापरलेल्या बिजागरीचा.

ही हाक एकट्यानं मारता येत नाही.
अल्फा असतो, तोच आणखी तीन संप्रेरकांत,
जसाच्या तसा. त्याला पत्ता विचारू नये.
पत्ता बीटाला ठाऊक.
बीटाची लांब वादी अल्फाला वळसा घालते
आणि परत येऊन स्वतःतच अडकते,
इसोजी आजोबांच्या टेम्पोतल्या पट्ट्यासारखी,
खट्.
अंगावर साखरेच्या साखळ्या,
वाटेतच कुणी विल्हेवाट लावू नये म्हणून.
जोडी गळ्याशी पोचते. ग्रंथी ओ देते.

बीटाच्या पोटात एक निरगाठ आहे.
तिच्या आत इतकी चिंचोळी जागा
की सगळ्यांत धाकटा मणीच मावतो, ग्लायसिन.
चिगुसाच्या गाठीत तिथे आर्जिनिन,
लांब हाताचं, धसमुसळं.
एका अक्षराची चूक.
वादी कुणाभोवती पडलीच नाही.

दुसऱ्या तपासणीत अल्फा मात्र ढीगभर सापडला,
रक्तात एकटाच हिंडणारा,
दारापर्यंत जाऊन
काय सांगायचं होतं ते न आठवणारा.

मी ओरडा ऐकायला बसले होते.
जिला ओरडताच येत नाही तिचं काय,
हे कोष्टकात नव्हतं.

आता रोज सकाळी चुरलेली गोळी, चमचाभर पाण्यात.
गोळी हाकेची वाट बघत नाही.

चिगुसा सहाची झाली. दोन गोष्टी उशिरा आल्या,
चालणं आणि मोजणं. मोजणं अजून येतंच आहे.
टेम्पो आमच्या गल्लीतून वळला
की खिडकीतून डोकं काढून ओरडते, हिसागो-सान!
माझं नाव हिसानो.
हिसागो म्हणजे भोपळा.

मी दुरुस्त करत नाही.
हातातलं तसंच टाकून
ओ देते.