पापणीएवढा र

नोव्हेंबरात अ‍ॅबरिस्टविथचा समुद्र रस्ता ओलांडतो
आणि सकाळी नगरपालिकेची माणसं फावड्यांनी
वाळू परत किनाऱ्यावर टाकतात.
दर वर्षी. न चिडता.

माझा लॅपटॉप दुसऱ्याने वापरून विकलेला.
त्यावर डेबियनची स्थिर आवृत्ती.
दोन वर्षांत एकदाही तोंडावर आपटला नाही.
आतलं सगळं गोठवलेलं,
माझ्या नोकरीतल्या गवताच्या बियांसारखं:
उणे वीस अंशांवर, बरणीत, चिठ्ठी लावून.
उगवेल का, असं तिथे रोज कोणी विचारत नाही.
टिकलंय ना, एवढंच.

तर शेजारचा ऱ्हीस.
टेकडीवर दोरीने ओढल्या जाणाऱ्या डब्याचा ब्रेक धरण्यात
त्याची तीस वर्षं गेली. आता गुडघे संपावर आहेत.
एका रविवारी पाटीच्या दगडाचा तुकडा
काखेत घेऊन आला, ओला,
म्हणाला, माझं नाव तुझ्या लिपीत छापून दे,
वरून कोरतो, दारावर लावतो.
पोस्टमनची जरा गंमत.

टाइप केलं.
स्क्रीनवर उमटलं: र्हीस.
रफार ह च्या डोक्यावर,
भलत्याच माणसाला बांधलेल्या फेट्यासारखा.
छान आहे, ऱ्हीस म्हणाला.
त्याला काय कळणार.
मला कळत होतं, हीच पंचाईत.

ही चूक कधीच दुरुस्त झाली आहे.
कुणीतरी केली, बहुधा अकोल्याकडच्या,
ज्याला आपल्या वऱ्हाडाची ही दशा बघवली नसेल.
पण दुरुस्ती नव्या आवृत्तीत.
माझ्यापर्यंत पोचेल पुढच्या उन्हाळ्यात,
तावून सुलाखून.

हर्षदा, माझी बहीण, डंडीला असते,
दर शुक्रवारी सगळं ताजं करून घेते.
तिच्या खिडक्या स्क्रीनवर पाण्यासारख्या सरकतात
आणि महिन्यातून एकदा तिचा फोन येतो:
आवाज गेला गं.
लॅपटॉपचा, असं म्हणायचं असतं तिला.

मी ठरवलं, सगळं घर कशाला बदला,
एवढी एक वस्तू नव्यातून मागून आणू,
शेजारून वाटीभर विरजण आणावं तशी.
कमांड दिली.
एकाने दुसऱ्याचं बोट धरलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं,
यादी खाली खाली सरकत राहिली.
एकशे बारा नवीन येतील,
एकोणचाळीस बदलतील,
सात काढून टाकावे लागतील.
त्या सातांत माझा प्रिंटर.
मागितलं एक अक्षर, दारात अख्खं वऱ्हाड,
आणि घरच्याच म्हाताऱ्याला म्हणतंय,
ऊठ, तू बाहेर ओट्यावर बस.

पुढे जायचं? हो / नाही.

हर्षदाला फोन लावला.
हो दाब, ती म्हणाली. भित्रट.
मागे तिचा लॅपटॉप पुन्हा सुरू होत होता,
तिसऱ्यांदा, असं वाटतं.

कर्सर लुकलुकत होता.
ऱ्हीस माझ्या खुर्चीत, चहा गार,
दगडावरचं पाणी वाळून गेलेलं.
मग मी खडू घेतला.
पाटीवर खडूने लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही,
ते मी लॅपटॉपच्या आधी शिकले होते.

तो मंगळवारभर कोरत होता.
संध्याकाळी भिंतीवर टकटक:
ही आडवी पापणी हवीच का? इथे दगड ठिसूळ आहे.
हवीच, मी म्हणाले.
त्याने ती सगळ्यांत शेवटी घेतली,
उतारावर ब्रेक धरायचा त्याच हाताने,
श्वास रोखून.
छिन्नीला मागे फिरता येत नाही.
एक टवका उडाला, पण खालून.

पाटी आता दारावर आहे, किंचित वाकडी.
लॅपटॉपवर तो अजून र्हीस.
नाही दाबलं नाही मी, हो पण नाही,
ती खिडकी तशीच उघडी आहे बाकीच्यांच्या मागे
आणि मी तिच्यावरून बियांची नोंद करते.

पोस्टमनने अजून काही विचारलेलं नाही.