सालीसकट

सिस्टर वेरेना सांगायची, किसणी सगळ्यात शेवटी.
आधी पेशंट खुर्चीत बसू दे,
त्याचा श्वास जाग्यावर येऊ दे,
मगच सफरचंद हातात घे.
किसलेलं सफरचंद कुणासाठी थांबत नाही,
बघता बघता तांबूस पडतं
जुन्या केसपेपरासारखं.

मी लक्षा भोये, पेठकडचा.
देवळाली कॅम्पात, सॅनिटोरियमच्या स्वयंपाकघरात
एकोणीस वर्षं काढली.
पहिल्या दिवशी विचारलं, फोडणी कशाची?
फोडणी नाही, म्हणाली.
तिखट?
नाही.
मग मी इथं करायचं काय?
तिनं रात्री भिजवलेले ओट पुढं सरकवले,
मिलिटरी कँटीनचे, डब्याला पोचे आलेले.
वर लिंबू पिळलं, चार चमचे दही,
पिंपळगावचे बेदाणे, ठेचलेला अक्रोड,
आणि सफरचंद, सालीसकट.
साल काढली तर औषध काढलं, म्हणाली.
मराठी तिची अशीच,
सुपात खडे निवडल्यासारखी.

सफरचंद परवडायचं नाही तेव्हा पेरू.
बिया दातांत अडकायच्या
आणि बाटलीवाला शेठ वॉर्डभर ओरडायचा,
घोड्याचं खाणं घोड्याला घाला, मला धानसाक आणा!
ती आपला वाडगा घेऊन त्याच्यासमोर बसायची,
त्याच्याहून सावकाश खायची.
दीड महिन्यानं शेठ टेंपल हिल चढून आला,
घाम पुसत माझ्या कानाशी म्हणाला,
भोये, ते घोड्याचं थोडं जास्त घाल.

डिसेंबरात निफाडकडं पारा उतरायचा,
द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या.
त्या दिवसांत जवाचं सूप.
जव आदल्या रात्री पाण्यात,
सकाळी गाजर, नवलकोल, कांद्याची पात, इतकं बारीक
की एका चमच्यात सगळ्यांनी मावावं.
आंच मंद. ढवळताना तिचे ओठ हलायचे,
प्रार्थना की मोजणी,
मला कधी कळलं नाही.

एकदा विचारलं,
तुमच्याकडं सगळेच असं हलकं खातात?
म्हणून तब्येती धडधाकट?
ती हसली, मग हसायची थांबली.
डोंगरावर आमच्या दोन गाई, म्हणाली.
लोणी बाजारात. चीज बाजारात.
घरात चीजचं निथळलेलं पाणी, जव, वाळवलेली नाशपाती.
आई म्हणायची, पोट हलकं तर झोप गाढ.
खोटं होतं ते.
आम्ही जागेच असायचो.

मी चुलीकडं बघत राहिलो.
आमचा भात व्यापाऱ्याला, मध व्यापाऱ्याला,
आम्हांला नागलीची आंबील.
आणि आई अंधारात म्हणायची,
जवळजवळ तेच.
हे मी तिला सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी डब्यातून आंबील नेली.
एक घोट घेऊन तिनं
भांडं दोन्ही हातांनी धरलं.

शेवटच्या थंडीत ती स्वतःच खाटेवर.
सात नंबरची, खिडकीजवळची.
म्हणाली, बटाटा किस, जाडसर.
लोण्यात भाज. कडा करपू दे.
किती लोणी?
बाजारात जायचं होतं तेवढं सगळं.
डॉक्टरांनी मला झापलं. झापू दे.
दोन घास खाल्ले तिनं,
उरलेलं माझ्याकडं सरकवलं.

परवा गंगापूर रोडला एका दुकानात
काचेच्या बरणीत नागली बघितली, शेजारी ओट, शेजारी जव.
हलकं, पौष्टिक, असं सुबक अक्षरात.
किंमत वाचली,
चष्मा पुसून परत वाचली.

किसणी माझ्याकडंच राहिली.
तिचे तीन दात गेलेत, माझे त्याहून जास्त.
कुणी घरी आलं, सफरचंद असलं,
तर मी कापत नाही काही.
आधी बस, म्हणतो.
नीट बस.