बावीस आटे

शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजे लिहिली एक जून,
म्हणून एकतीस मेला मी रिटायर होतो.
आई सांगायची, तू झालास तेव्हा रानात ज्वारी काढत होते.
म्हणजे तीन महिने जास्तीची नोकरी झाली,
नाहीतर नऊ महिने कमी.
हिशोब आता मास्तरांकडेच.

पहाटे पावणेचार. गुलटेकडीचा उतार.
छातीइतकी उंच लोखंडी चावी
स्कूटरला सुतळीनं बांधलेली.
झाकण उचलायचं, झुरळं पांगू द्यायची,
चावी बसवायची आणि मोजत फिरवायची.
पूर्ण उघडायला बावीस आटे.
एकोणिसाव्याला अडते.
तिथं जोर लावायचा नाही. थांबायचं.
पाइपात हवा असते, तिला आधी जाऊ द्यायचं.

हे कुठल्या कागदावर नाही.
गुजाबा ढमढेरे मला तोंडी देऊन गेले,
मी प्रज्वलला देतोय.
प्रज्वल आयटीआय झालेला, कंत्राटावर,
एका कानात गाणं, दुसरा माझ्यासाठी मोकळा.

ऑफिसात वर्गणी निघालीय.
शाल की घड्याळ, यावरून दोन गट.
घड्याळ नको, एवढंच बोललो.

रविवारी आम्ही चर्चला जातो.
सुमती पुढं, गाणाऱ्या बायकांत.
मी शेवटच्या बाकावर, खांबाआड.
पाळकसाहेब विश्वासावर बोलतात तेव्हा मी झोपलेला असतो.
तीनला उठणाऱ्या माणसाचा
दहा वाजता मानेवरसुद्धा विश्वास नसतो.
तेहतीस वर्षं सुमती घरी येताना विचारते,
आज काय सांगितलं?
मी म्हणतो, चांगलं सांगितलं.

सॅलिस्बरी पार्कात, शेवटच्या बैठ्या घरात
कुमुदिनीबाई रात्रीच नळ उघडा टाकून झोपतात,
खाली बादली.
आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.
बाविसावा आटा संपला की
खिडकीतून रिकाम्या बादलीत धार वाजते
आणि घोरण्यात खंड पडत नाही.
परवा मी तिथं उगाच उभा राहिलो.
कोरड्या नळाखाली बादली ठेवून
इतकं गाढ झोपायचं.
पाळकसाहेबांना हे सांगायला हवं होतं.
मी जागा असतो, तेव्हा ते भेटत नाहीत.

गुरुवारी शहराचं पाणी बंद.
तरी तीनला जाग आली.
चावी पुसली, तेल लावलं,
सुमतीनं कूस बदलत विचारलं, कुणाचं लग्न आहे?

अठ्ठावीस तारखेला प्रज्वलनं कानातलं काढलं.
काका, एकोणिसाव्याला थांबता,
तेव्हा पुटपुटता काय?
मी कुठं पुटपुटतो!
रोज पुटपुटता. मला वाटलं आकडे असतील.
दुसऱ्या दिवशी मीच माझ्यावर कान ठेवला.
सतरा. अठरा. एकोणीस.
चावी अडली, खाली हवा कण्हली,
आणि माझं तोंड आपोआप म्हणालं:
आलं का?
मग हातात थरथर चढली, लोखंडातून,
आणि तेच तोंड म्हणालं: आलं.
बस्स, एवढंच.
कुणाला विचारतो, ते मला विचारू नका.

एकतीसला शालच निघाली.
चावी मी प्रज्वलच्या गाडीला बांधून दिली.
त्यानं गाठ सोडून पुन्हा स्वतःच्या पद्धतीनं बांधली.
बरं वाटलं. वाईटही.

एक जून. पहाटे तीन.
वडगावशेरीत आमच्या नळाला पाणी कधी येतं,
कसं येतं, मी एकदाही पाहिलेलं नाही.
इथला चावीवाला कोण, तेही माहीत नाही,
त्याचे आटे किती, अडते कुठं.
मोरीत पाटावर बसलो. नळ उघडा ठेवला.
चार. सव्वाचार.
पाल चुकचुकली.
नळानं एक कोरडा उसासा टाकला,
मग आणखी एक.
मी विचारलं.
आतून सुमती झोपेतच म्हणाली,
बादली जरा अलीकडं घे, भिंत भिजते.