'शिवाय'ची विभक्ती

ओउलूत त्या रात्री उणे तेवीस,
आणि मी कचरा टाकायला खाली
अभिरामच्या जुन्या चपला घालून.
दोन मिनिटांचं तर काम.

इथली दारं आपोआप लागतात.
हे वाक्य मी तीन वर्षं ऐकत होते,
दुसऱ्यांच्या तोंडून, दुसऱ्यांच्या बाबतीत.
आत फोन. आत किल्ली. आत शेगडीवर वरण.
शेगडी बंद केली होती.
केली होती ना?

तीन वर्षं माझं फिनिश अभिराम बोलायचा.
बँकेत तो, टॅक्सच्या कचेरीत तो,
माझी कुठली दाढ ठणकते
तेही डॉक्टरला तोच सांगायचा,
मी फक्त आ करायचे.
ऑगस्टपासून त्याची नोकरी एस्पोला,
सहाशे किलोमीटर खाली.
तेव्हापासून मी संध्याकाळच्या वर्गात
होदान, बोहदान
आणि कुणाशीच न बोलणाऱ्या कर्रारशेजारी बसून
विभक्त्या घोकते.

आपल्या आठ, बाक बडवत पाठ केलेल्या,
स ला ते, स ला ना ते.
यांच्या पंधरा.
घरात, घरातून, घरावर, घरावरून.
घराबाहेर नुसतं उभं राहायला वेगळी नाही,
मी विचारलं होतं.
आणि एक आहे नुसती 'शिवाय'ची:
शब्दाच्या शेपटीला 'त्ता' लावला
की ती वस्तू गेली.
पैशाला त्ता, माणूस कफल्लक.
कारणाला त्ता, सगळं उगाच.
होदाननं घराला त्ता लावून पाहिला,
थोडा वेळ पाहतच राहिली,
मग खोडला, कागद फाटेपर्यंत.

समोरच्या दारावर पेल्कोनेन अशी पाटी.
इर्या पेल्कोनेन. लिफ्टमध्ये आम्ही दोघी
तीन वर्षं मजल्याच्या आकड्यांकडे बघत आलो.
बेल वाजवली. दार फटीएवढं उघडलं.
जिन्यात पाठ केलेलं वाक्य जिन्यातच राहिलं
आणि तोंडून एवढंच आलं:
बाई, मी अवाइमेत्ता.
मी, किल्लीशिवाय.

ती माझ्या चपलांकडे बघत राहिली.
मग खांदे हलवत हसली, आवाज न करता.
'असं आता कुणी बोलत नाही,' म्हणाली,
'असं फक्त जाड पुस्तकांत असतं. आत ये.'

मला वाटलं, आता ती फोन करील.
तिनं नंबर लावला
आणि फोन माझ्या हातात दिला.
स्वतः विणकाम घेऊन बसली,
सुया थांबवून.

पलीकडचा माणूस काहीतरी चावत होता.
आडनाव? घळसासी.
काय? घळसासी.
मग सुट्टं करून दिलं, भाजी निवडावी तसं:
गे, हो, आ, ॲल, ॲस, आ, ॲस, ई.
तो ॲ मला पहिल्या दिवसापासून येतो,
बॅटमधला, कॅरमधला,
तेवढा एक मी घरून घेऊन आले.
रस्ता सांगितला. जिन्याचं अक्षर सांगितलं.
क्रियापद चुकलं; त्याला चालला चुकलेलाही दरवाजा.
'चाळीस,' म्हणाला आणि ठेवला.
मिनिटं की युरो, विचारायचं राहिलं.
दोन्ही निघाले.

त्या चाळीस मिनिटांत इर्या एक शब्द बोलली नाही.
कॉफी ओतली. लोकरीचे मोजे पुढे सरकवले.
आणि ती शांतता मला
कुणी समजावून न सांगता समजली.

रात्री अभिरामचा फोन.
'मग? कुणी केली मदत?'
जिभेवर शब्द तयार होता, अवुत्ता,
मदतीशिवाय, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळणारा.
पण पायात इर्याचे मोजे होते.
आणि त्या विभक्तीत एक खोड आहे:
जे नाही म्हणायचं
त्याचं नाव आधी पूर्ण घ्यावं लागतं.
मदत म्हणावं लागतं, मग त्ता.
घर म्हणावं लागतं.

'मीच बोलले,' मी म्हटलं.
तो गप्प झाला. मग म्हणाला, 'अरे वा.'
त्या 'वा'ला जरासं दुखलं होतं.

शेगडी चालूच होती, मंद.
वरण तळाला लागून काळं झालेलं.
मी उलथन्यानं खरवडलं
आणि उभ्या उभ्या खाल्लं, भाताशिवाय.