थाळनेर, घुमट क्रमांक तीन

भेगेवर काचेची पट्टी बसवली,
दोन टोकांना जिप्सम, खाली पेन्सिलीने : अकरा मे.
वहीत लिहिलं, वजन. खोडलं.
भूकंप? तेही खोडलं.

दगा मिस्तरीनं ओळंबा सोडला,
चुन्याची कपची जिभेवर धरली, थुंकला.
"ताई, हाई भीत दम लेस.
भादवामा ये."

भादव्यात गेले. तापी गढूळ.
मे महिन्यात टाच अडकायची
त्या काळ्या रानातल्या चिरा बुजून फुगलेल्या.
पट्टी तडकली होती,
भेग रुंदावताना नव्हे,
मिटताना.

पायालगतचा जुना चर बुजवून
कुणी केळी लावलेली,
पाणी तिथेच मुरतंय.

अहवालात कारण दीड ओळीचं.
मिस्तरीच्या जिभेवरचा चुना
कुठल्या रकान्यात लिहू?