झिरो बावन्न चौतीस

जिंतूरच्या मोंढ्यात माझं खताचं दुकान.
एकवीस वर्षं लोकांना सांगतोय,
फूल धरायचं तर झिरो बावन्न चौतीस फवारा,
युरिया आवरा, पाल्यावर भुलू नका.
आणि माझ्याच गच्चीवर पाच वर्षं
एक काडी उभी.
पाला मायंदाळ. बाकी काही नाही.

कंपनीच्या डीलर मीटिंगला गेलो होतो.
वेरूळ दाखवून बस खुलताबादला थांबली.
तिथं कबरींवर पडलेला चाफा
हाजराबी नावाची एक बाई वेचत होती,
सांडलेला भात वेचावा तसा.
वाऱ्यानं मोडलेली फांदी तिनं माझ्या हातात दिली.
गुलचीन है, म्हणली.
छे रोज इसकू भूल जाव, दूद सूकने देव.
पानी कम, धूप भोत,
होर लाड नक्को.

मी ती लावली काळ्या मातीत.
जिच्यावर आमचा कापूस, आमची तूर,
आमचा सगळा तोरा, ती माती.
तिनं पाणी धरलं ते सोडलंच नाही.
पोळ्यापर्यंत काडी खालून केळ्यासारखी मऊ.
वरचा वीतभर तुकडा तेवढा वाचला.
तो कापून पुन्हा सहा दिवस
जिन्याखाली, वर्तमानपत्रावर.
मग मुरूम, पूर्णेची वाळू, मूठभर शेणखत,
डिस्टेंपरच्या बादलीला बुडाशी खिळ्यानं सात भोकं.

मसणातलं झाड आणलंत, द्वारका म्हणली.
दारात नको. तुळशीसमोर तर नकोच.
म्हणून गच्ची. टाकीच्या पलीकडं,
जिथं मे महिन्यात चप्पल विसरलेला माणूस
नाचत परत येतो.
चाफ्याला ती जागा मानवली.

लाड मात्र मी केले.
फाटक्या पोत्याखाली सांडलेला युरिया
चिमूटभर खिशात टाकायचो,
चोरासारखा, स्वतःच्याच दुकानातून.
पानं झाली म्हशीच्या कानाएवढी.
दिवाळीनंतर एकेक पिवळं होऊन गळायचं
आणि उरायचा राखी रंगाचा हात, बोटं नसलेला.
मेलं का? द्वारका विचारायची.
मी नखानं साल खरवडायचो. पांढरा चीक यायचा.
नाही. रुसलंय.

पाचव्या वर्षी मला कावीळ झाली.
दोन महिने जिना चढायचा नाही, डॉक्टरनं बजावलं.
पाणी कुणी घातलं नाही,
युरिया कुणी चोरला नाही.
चैत्रात द्वारका कुरडया वाळत घालायला वर गेली
आणि बराच वेळ खाली येईना.
काय झालं? मी खाटेवरून ओरडलो.
काही नाही, ती वरूनच म्हणली,
तुमच्या रुसलेल्याला टोकावर
हरभऱ्याएवढं काहीतरी आलंय.

सतरा फुलं आली.
एकदम नाही, उधारी वसूल होते तशी,
आज दोन, मग चार दिवस काहीच नाही.
पाकळ्यांच्या बुडाशी हळद.
दिवेलागणीला वास जिना उतरून
माझ्या पथ्याच्या ताकापर्यंत यायचा.
देवाला वाहायची नाहीत, केसात माळायची नाहीत,
हे तिनं आधीच जाहीर केलेलं.
तरी रोज मोजताना एक कमी भरायचं.
मी विचारलं नाही.

तुरा वाळून पडला, तिथं आता तीन कोंब आहेत.
चाफा फुलल्याशिवाय त्याला फाटा फुटत नाही,
हे मला, खतवाल्याला, पन्नाशी उलटल्यावर कळलं.
म्हणजे हाजराबीच्या झाडाचे फाटे मोजले असते
तर किती वेळा फुललं ते सांगता आलं असतं.
बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता.

काल एक पोरगा आला,
टमाट्याला नुसताच पाला आहे काका, काय टाकू?
मी नेहमीची पुडी काढून दिली. धंदा आहे.
सुट्टे मोजता मोजता एवढंच म्हणलं,
जरा कमीच टाक.
आणि रोज बघायला जाऊ नको.