परतीचा डबा

खानापूरच्या स्टँडवर चहा येईपर्यंत
गाडीत काहीतरी वाजत होतं.
नट सैल झाला असेल, भरमा म्हणाला.
ओम्नी त्याची, आवाज ओळखायचा हक्कही त्याचा.
पण माझा जन्म वडगावात मागांच्या खडखडाटात गेलाय,
लोखंड कसं वाजतं ते मला विचारा.
हे लोखंड नव्हतं.
हे कुणीतरी होतं.

रेणूच्या पिशवीत शाळेचा डबा,
चपातीच्या कप्प्यात मूठभर ओली वाळू,
वाळूत सुपारीएवढा एक शंख,
आम्ही बघताच चालायचा थांबला.

काय काय बघून आलो होतो आम्ही दोन दिवसांत.
अणशीच्या घाटात धुकं एवढं
की भरमानं मुंडी बाहेर काढून गाडी हाकली,
आणि वळणावर गवा.
हॉर्न मारू नको, भारता म्हणाली, रस्ता त्याचा हाय.
दहा मिनिटं तो बघत राहिला आमच्याकडे
तलाठी बघतो तसा,
एक कागद कमी आहे अशा नजरेनं.
धनेश गेले डोक्यावरून,
पंखांचा आवाज जुन्या धोट्यासारखा,
जातोय, येतोय, दम खातोय.
खाली काळी नदी, धरणाला अडलेली,
मग सुटलेली,
मग हळूहळू खारट.
खाडीच्या चिखलात निवट्या चालत होत्या, मासे असून.
देवबागच्या वाळूत चिलखे
लाटेच्या मागं धावायचे, लाट वळली की पळायचे,
सबंध दुपार, कुणी मजुरी देत नसताना.
सुरूच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड,
नखांत मासा, आणि खायची घाई नाही.

भारतानं समुद्र पहिल्यांदा पाहिला, एकोणचाळिसाव्या वर्षी.
साडी घोट्याच्या वर धरून उभी राहिली.
खूप वेळानं म्हणाली,
एवढं कापड विणतंय कोण?

त्यातलंच एवढंसं रेणूनं उचललं होतं.
"रिकामा शंख वाटला, पप्पा. आत कोण हाय ते नंतर कळलं."
नंतर म्हणजे कुठं?
"जोयड्याला."
मग बोलली का नाहीस गे?
"तुम्ही गाडी परत फिरवली असती."

आम्ही फिरवली नसती.
पण हे तिला कोण सांगणार.

मलप्रभेत सोड की, भरमा म्हणाला, पाणीच शेवटी.
पण ही नदी पूर्वेला जाते.
घाटाच्या अल्याड उगवली,
हाताशी असलेल्या समुद्राकडे पाठ करून
निघाली ती निघालीच.

तेवढ्यात कारवारची बस लागली.
कंडक्टर ईरय्यानं झाकण उघडलं,
पानानं लाल तोंड आणखी उघडलं: "एडी!"
येडी कुणाला म्हणतोय हा? भारता उसळली.
अख्खा स्टँड हसला.
कन्नडात खेकडा म्हणजे एडी, मला ठाऊक होतं,
तरी मीही हसलो,
कारण रेणूचं रडं थांबलं होतं.

त्यानं डबा ड्रायव्हरच्या मागं ठेवला, पाण्याच्या बाटलीला टेकवून.
मशीनमधून तिकीट काढलं,
लगेज, खानापूर ते कारवार,
आणि पैसे मोजून घेतले.
नियम, म्हणाला.

बस वळली, लोंढ्याच्या रस्त्याला लागली.
दुसऱ्याच्या शंखात राहणारा जीव
भाडं भरून घरी चालला होता.
आमच्या घरमालकाची तारीख परवावर आली होती.

आठ दिवसांनी डबा आला,
स्टँडवरच्या कुणा पोराच्या हाती,
राखेनं घासून लख्ख.
रिकामा डबा परत देऊ नये, हे त्यांच्यातही असावं.
आत कागदाची पुडी, पुडीत सुकट,
मिठात वाळलेली, डोळ्यांसकट.

तो पोचला का, हे त्या पोराला विचारायचं राहूनच गेलं.

भारता कांदा चिरायला बसली.
रेणू पुडीकडे बराच वेळ बघत होती.
मग त्यातली एक उचलून
तिनं कानाला लावली.